शेवटची अंघोळ

मोरोक्कोतल्या फेज शहरातली आमच्या गल्लीतली भट्टी बंद होऊन खूप वर्षं झाली. तिथं पाव भाजून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या मायलेकी मला अजून आठवतात.

“नमाज सोडलास, रोजे सोडलेस. आता आईलाही सोड.”

“आई, हळू बोल. बायका ऐकताहेत.”

“ऐकू देत. मी मेल्यावर मला अंघोळ कोण घालणार, बतूल?”

“मीच. लेकीनंच घालायची असते ना?”

“अल्लाला मानणाऱ्या लेकीनं.”

“सगळ्या दुवा पाठ आहेत मला.”

“पोपटालाही असतात.”

“मग सुनेला सांग.”

“तिला? ती भांडीसुद्धा धड घासत नाही!”

“मग काय करू, आई?”

म्हातारीनं कणकेची पाटी या हातातून त्या हातात घेतली.

“पाणी कोमट घे. गार मला सोसत नाही.”