बाबांच्या गाडीचे डिस्क ब्रेक

वाहन तपासणी केंद्राच्या बाकावर निवृत्त मास्तर आपल्या स्कूटरचा नंबर लागायची वाट बघत होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती. काचेपलीकडे त्यांची पन्नास वर्षांपूर्वीची गाडी तपासनीस चालवून बघत होता.

“ड्रम ब्रेकवर चाळीस वर्षं चालवली मी. काय बिघडलं?”

“उतारावर थांबली नाही बाबा, फाटकावर जाऊन आदळली.”

“आणि तू बसवलेले डिस्क? पहिल्याच दिवशी चाक तव्यासारखं तापलं!”

“मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमसाठी एक बारीक झडप असते, तेलाचा थोडा दाब धरून ठेवते. ती काढायची राहिली, म्हणून ब्रेकचे पॅड सतत डिस्कला घासत होते. चूक कळल्यावर काढली ना मीच!”

“आज नापास झाली, तर ड्रम परत बसवायचे. कबूल?”

“कबूल. आणि पास झाली तर?”

“आधी होऊ दे.”

तपासनीस आत आला.

“पास! करकचून ब्रेक दाबला, तरी गाडी तसूभरही बाजूला न जाता सरळ रेषेत थांबली. इतकं नेटकं काम केलं कोणी?”

“मी,” मुलगी म्हणाली.

“साहेब, जरा मोठ्यानं सांगा. मला कमी ऐकू येतं.”

“बाबा! तुम्हाला तर शेजारच्या घरातलंही ऐकू येतं.”

“तू गप गं. हां साहेब, नेटकं म्हणालात ना? या बाकावर शेजारी बसलेल्यांकडे तोंड करून सांगा, त्यांचं लक्ष नव्हतं.”