शुक्रवारी अडणारा प्रोग्रॅम

हसू नका, पण गेला आठवडाभर मला फॉक्सप्रो या जुन्यापुराण्या कॉम्प्युटर-भाषेने स्वस्थ बसू दिलं नाही. दिघीच्या हमीदचाचांच्या बर्फाच्या कारखान्यासाठी पावत्यांचा प्रोग्रॅम मी कॉलेज संपल्या संपल्या त्यात लिहिला होता. तो अजून चालतोय हे मला कुठे माहीत! चाचांचा मुलगा सलीम दुबईहून कायमचा परत आलाय, त्याचा फोन आला.

‘ताई, कॉम्प्युटर मधेच अडतो, पावतीच देत नाय. मग आपोआप चालू होतो. अब्बांना मात्र बोलू नका.’

झालं! बसले पुन्हा शिकायला. भाषा ओळखीची वाटायची, पण हाती काही लागेना. दूध उतू गेलं, नवरा ओरडला, मी त्याच्यावर दुप्पट ओरडले. शेवटी आगरदांड्याहून फेरीबोट पकडली आणि बोटीतही आज्ञा पुटपुटत गेले.

कारखान्यात प्रोग्रॅम वाचता वाचता पावती अडवणारी ती ओळ सापडली. माझीच होती! चाचांनी तेव्हा बजावलं होतं, जुम्म्याच्या नमाजाला कारखाना बंद म्हणजे बंद, पावतीसुद्धा निघता कामा नये.

इतकं हायसं वाटलं की, चाचा दारातून आत येताच सलीमचं सांगणं विसरून मी ओरडले, ‘चाचा, काही बिघडलेलं नाही! हा फक्त शुक्रवारी नमाजाच्या वेळी अडतो!’

चाचा खूश झाले. मग सावकाश सलीमकडे वळले.

‘त्या वेळी तू माझ्या मागच्या रांगेत असतोस ना रे? मग पावती कोण काढत होता?’