पाच घरं

न्हाई, तसं न्हाई माणिकराव, एक डोळा झाका, दुसरा दुर्बिणीच्या नळीला लावा — हां. दिसली जाळी? काचेवर कोरलेली घरं हायेत ती. आन् एखाद्या घरात गोल ठिपका दिसायलाय ना, ती तांबडी पेशी. मोजा की! सोडचिठ्ठी राहू द्या खिशात, सोनपेठची यष्टी चारला हाय. माझ्या लेकीच्या रगतात खोट म्हणून लिहिलंय ना त्यात? मग व्याह्यानं रगत बघूनच जावं.

अनसू चौदाची असताना स्टो भडकला. हातावरचे डाग लग्नाआधीच दाखवले होते तुमाला, लपवलं न्हाई. तवा भाजलेल्याला रगतातलं पिवळं पाणी द्यायचे. बाटली उभी ठेवली की लाल खाली बसतं, वरचं पिवळं अलगद ओढून घ्यायचं — पण लाल थोडं राहतंच. किती राह्यलं, ते इथं मोजायचं. साध्या रगतात पाच घरं मोजली की भागतं, एवढी गर्दी असती. पिवळ्यात पेशी तुरळक, तिथं सगळी जाळी बघावी लागती, एकेक घर. तर त्या दिवशी इथं, तपासणीच्या खोलीत, जो बसला होता, त्यानं सवयीनं पाचच घरं बघितली. रिकामी निघाली. लिहिलं — निरंक. आन् निरंक म्हणल्यावर रगताचा गट कोण बघतो?

कोण म्हणजे? होता एक. काय करंल बिचारा — पोरगी पलीकडं वार्डात वरडायली, दादा दादा म्हणून, कान तिकडंच लागलेत माझे —

त्याचे. त्याचे कान.

अनसूचा गट निगेटिव्ह, देणारा पॉझिटिव्ह. त्या थोड्या पेशी अंगात गेल्या, अंगानं त्यांना वैरी धरलं, आन् ते वैर आठ वर्षं ध्यानात ठेवलं. नातू तुमच्या लेकावर गेला, पॉझिटिव्ह. पोटातच मार बसला त्याला. तिसऱ्या दिवशी हळद फासल्यावानी पिवळा होऊन दगावला — तुमीच तर मांडीवर घेतला होता. डॉक्टरीणबाई म्हणल्या, पहिलं लेकरू यातून बहुतेक वाचतं, हिला आधी कधी रगत दिलतं का? मी म्हणलं, न्हाई. खोटं कुठं बोललो? रगत न्हाईच दिलं, पिवळं दिलं! मग घरी झोप लागंना, म्हणून हे ब्याऐंशीचं रजिस्टर काढलं. बघा — काय बघता असे माझ्याकडं? हो, वळखीचंच अक्षर हाय. दर पंचमीला लेकीला धाडा म्हणून पत्र येतं तुमाला, तेच.

अनसूला ठाव न्हाई. ती म्हणती, दादा, माझंच दूध बाधलं असंल बाळाला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवतो. नुसता हातच ठेवतो, माणिकराव.

आणा तो कागद. 'मुलीच्या रगतात खोट' — खोडा ते, तिथं माझं नाव घाला. मग करतो सही.

उठलात? जाळी अर्धीच झाली तुमची... बरं. कागद इसरायलात हो — मुद्दाम ठेवला?

जा मग. बाहेर बाकड्यावर अनसू बसलीय. आत काय दाखवायले होते म्हणून इचारंल. म्हणा, काई नव्हतं. रिकामी घरं होती म्हणा. जा.