आनंदराज साहेब, तुमचं अर्धं गाणं

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचं अध्यक्षपद ज्यांनी भूषवलं ते आपल्या रविवार गाणी मंडळाचे अध्यक्ष आदरणीय आप्पासाहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आनंदराज साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या वहिनी, आईवडिलांना न्यायला बंगळुरूहून आलेली त्यांची कन्या धम्मप्रिया, मंडळाच्या सचिव आणि कराओके मशीनच्या मालक-चालक वर्षाराणीताई, आणि गुडघे कुरकुरत असताना हा जिना चढून वर आलेल्या माझ्या सर्व समवयस्क बंधूंनो आणि भगिनींनो,

मला बोलायला उभं केलं याचं माझं मलाच नवल वाटतंय. या मंडळात गाणं न म्हणणारा मी एकटा सभासद. सारी हयात देगलूरच्या मोंढ्यात धान्याची आडत केली. माझा आवाज सौदा पुकारायच्या कामाचा, गाण्याच्या नाही. एकदा आप्पासाहेबांनी आग्रह केला म्हणून मी माईक हातात घेतला होता आणि दुसऱ्या ओळीला त्यांनीच तो प्रेमाने काढून घेतला. तेव्हापासून माझी जागा ठरली आहे. पहिली रांग, भिंतीकडची खुर्ची.

त्या जागेवरून मी तुम्हा सगळ्यांची गाणी ऐकली. इथं येणाऱ्या प्रत्येकाचं एक गाणं आहे आणि त्या गाण्याला एक आठवण चिकटलेली आहे, हे मला इथंच कळलं. आपले सिद्रामप्पा गुरुजी धर्माबादला पहिल्या नोकरीवर गेले, त्या संध्याकाळी स्टेशनसमोरच्या हॉटेलात जे गाणं लागलं होतं, ते त्यांनी आयुष्यभर म्हटलं. म्हणताना डोळे मिटायचे. आपण म्हणायचो, गुरुजी धर्माबादला पोचले. म्हणूनच आपल्याकडे पहिल्या दिवसापासून रीत पडली की एकाचं गाणं दुसऱ्यानं म्हणायचं नाही. ते त्याचं आहे.

दुसरी रीत मागाहून पडली. गुरुजी वारले. पुढच्याच रविवारी कुणीतरी, नाव घेत नाही, आदरांजली म्हणून त्यांचं गाणं म्हटलं. गुरुजींच्या पत्नी पदर तोंडाला लावून उठल्या, त्या पुन्हा या जिन्याची पायरी चढल्या नाहीत. तेव्हा आप्पासाहेबांनी उभं राहून सांगितलं की, आजपासून जो माणूस गेला त्याचं गाणं बंद. त्याच्या घरच्यांसमोर नावसुद्धा काढायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. कुणाचं मन दुखू नये एवढाच त्यात हेतू होता, आणि तो हेतू सोन्यासारखा होता यात शंका नाही.

मग आमची तारामती गेली.

धम्मप्रिया, तू तिला लहानपणी पाहिलंस, पण गाताना पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो. तिचं माहेर बिदरकडचं. लग्न होऊन देगलूरला आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. कानडी बोलायला घरात कुणी नाही, मी दिवसभर मोंढ्यात. शेजारच्या घरी रेडिओ होता. त्यावर एक हिंदी गाणं लागायचं, बाईचं आणि पुरुषाचं. तिला त्यातला शब्द कळत नव्हता, पण दोन माणसं एकमेकांशी बोलताहेत एवढं कळायचं. ती मला म्हणाली होती, “तुमच्या गावात माझ्याशी पहिल्यांदा तेच गाणं बोललं.” मी तेव्हा काय करत होतो? ज्वारीची पोती उतरवून घेत होतो. मला ते गाणं आठवतही नव्हतं.

आणि योगायोग पाहा. आनंदराज साहेबांचंही गाणं तेच निघालं. नांदेडला वसतिगृहात असताना, नोकरीचा हुकूम हातात पडला त्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी ते ऐकलं होतं. एका गाण्याचे दोन मालक झाले. वर्षाराणीताईंनी निकाल दिला की गाणं दोघांचंच आहे, तर दोघांनी म्हणावं.

दोघं एकमेकांना ताई आणि भाऊ म्हणायचे, आणि माईक हातात आला की प्रीतीच्या आणाभाका घ्यायचे. वहिनी आणि मी पहिल्या रांगेत शेंगा खात ऐकायचो. गावात बोलणारे बोललेच. मोंढ्यात एकानं मला गाठून विचारलं, “महादेवप्पा, तुमची मालकीण परक्या माणसासंगं असली गाणी म्हणून राहिली, तुमाला चालतंय व्हय?” त्या ‘परक्या’ शब्दात काय काय भरलेलं होतं ते या सभागृहाला समजतं, मी फोड करत नाही. मी त्याला म्हणालो, “चालतंय की. तू बी ये ऐकायला.” तो आला नाही. त्याचं नुकसान झालं.

आता मंडळींनो, मी आज ज्यासाठी बोलायला तयार झालो ते सांगतो. तारामती गेली आणि रीतीप्रमाणे तिचं गाणं बंद झालं. ते अर्धं आनंदराज साहेबांचं होतं, तेही बंद झालं. त्या दिवसापासून या माणसानं इथं एकही गाणं म्हटलेलं नाही. दर रविवारी येतात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात, माझ्या प्रकृतीची चौकशी करतात आणि घरी जातात.

तुम्ही सर्वांनी माझी किती काळजी घेतली. ते गाणं माझ्या कानावर पडू नये म्हणून केवढा आटापिटा केला. न्हाव्याच्या दुकानात रेडिओवर लागलं, तर आपल्यातल्या एकानं अर्धी दाढी तशीच ठेवून उठून तो बंद केला. आप्पासाहेबांच्या नातवाच्या वरातीत बँडवाल्यानं तीच चाल धरली. आप्पासाहेब फेटा सावरत गर्दीतून धावले आणि त्याचा हातच धरला. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, “महादेवप्पा, माफ करा. ह्या पोराला काय ठावं न्हाई.” मी म्हणालो, “हाव, हाव, काही हरकत नाही.” आणि जेवायला बसलो. अध्यक्षमहाराज, आज सांगतो. मला त्या वेळी तुमचा लई राग आला होता. मला ते गाणं पुढं ऐकायचं होतं.

तुम्ही म्हणाल, मग घरी ऐकायचं. मूळ गाणं मोबाइलवर केव्हाही लागतं. लागतं, पण त्यात तारामती नाही. माझ्या मुलानं एकदा इथं केलेलं रेकॉर्डिंग आहे. ते मी इतक्या वेळा ऐकलं की आता त्यात ती कुठं श्वास घेते ते मला पाठ झालंय. रेकॉर्डिंगमध्ये माणूस एकदाच गातो, हो. दर वेळी तसंच. मला ती रविवारची हवी होती, कधी ओळ लवकर उचलणारी, कधी शब्द विसरून हसणारी.

आता थोडं साहेबांविषयी. साहेब, मान खाली घालू नका, आज सत्कार तुमचा आहे.

तारामतीला फुप्फुसाचा आजार झाला. नांदेडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून सांगितलं की फुप्फुसं कडक होत चालली आहेत, यावर फारसा इलाज नाही. तिनं विचारलं, गाऊ का? ते म्हणाले, जमेल तेवढं गा. तिचा दम कमी होत गेला, पण रविवार चुकला नाही. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. आनंदराज साहेबांचा आवाज बसला. तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. ते तिला म्हणाले, “ताई, माझा आवाज आता वर चढत नाही. पट्टी जरा खाली घेऊ, माझ्यासाठी.” तिनं कबूल केलं. पुढं आणखी खाली. शेवटी शेवटी तर त्यांच्या ओळी घशातून नुसत्या खरखरत यायच्या. मागच्या रांगेत लोक कुजबुजायचे की साहेबांनी आता थांबावं. आमच्या घरी तारामती हळहळायची, “भाऊंचा आवाज गेला बघा. किती गोड होता.” स्वतःला जिना चढवत नव्हता, पण ज्येष्ठमध आणि अडुळशाचा काढा करायची. मी तो थर्मासातून साहेबांच्या घरी पोचवायचो. ते माझ्यासमोर सगळा प्यायचे आणि म्हणायचे, “ताईंना सांगा, बरं वाटतंय.”

ती गेल्यावर काही महिन्यांनी वर्षाराणीताई घरी आल्या. चहा झाला, तरी उठेनात. मग म्हणाल्या, “काका, साहेबांच्या आवाजाला काही झालेलं नव्हतं. तेच येऊन मला सांगायचे की, ताईंना दम लागतोय, पट्टी आणखी खाली घे, आणि त्यांना कळू देऊ नको.”

वरचे सूर तिला झेपत नव्हते म्हणून या माणसानं आपला चांगला आवाज सगळ्या गावासमोर खराब करून घेतला. कडू काढा प्याला. थांबावं म्हणणाऱ्यांचं ऐकून घेतलं. तिला कळलं होतं का? मला माहीत नाही. ती शेवटपर्यंत काढा पाठवत राहिली, एवढं खरं.

शेवटच्या रविवारी ती खुर्चीत बसून गायली. तिच्या ओळीच्या आधी साहेब आपला शेवटचा शब्द नेहमी जरा लांबवायचे, तिला श्वास घेता यावा म्हणून. मूळ गाण्यात तो एवढा लांब नाही. त्या दिवशी त्यांनी तो धरला, धरूनच ठेवला, पण तिचा श्वास काही येईना. संगीत पुढं निघून गेलं. तेव्हा साहेब मोठ्यानं म्हणाले, “माफ करा, माझं चुकलं. पुन्हा पहिल्यापासून घेऊ.” ती हसली. पुन्हा सुरू झालं आणि तिनं ते पुरं केलं.

हे मला कळून वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून आम्ही दोघं शेजारी बसतोय, आणि मी त्यांना याविषयी एका शब्दानं काही बोललो नाही. मी गा म्हटलं, तर त्यांना जड जाईल असं मला वाटे. ते गायले, तर मला जड जाईल असं त्यांना वाटत असणार. असे दोन म्हातारे एकमेकांचं मन सांभाळत बसले. आता उद्या सकाळी ते निघताहेत. वहिनींच्या औषधपाण्यासाठी जावंच लागतंय, त्यात कुणाचा दोष नाही. परत येऊ म्हणतात. धम्मप्रिया, तू आणशील ना, असंही मी विचारणार नाही. आपल्या वयाला अशा गोष्टी विचारू नयेत.

पण साहेब, तुम्ही गेलात की गाण्यातली तिची जागा गेली. तिच्यासाठी शब्द किती वेळ धरायचा हे जगात आता फक्त तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मंडळाची रीत मोडायची परवानगी मी अध्यक्षांकडे मागतो. सिद्रामप्पांच्या घरच्यांना दुःख झालं, ते खरं होतं. माझं तसं नाही. मला न ऐकल्याचं दुःख होतंय.

आप्पासाहेब मान हलवताहेत, त्यांचा मी ऋणी आहे. मंडळाने मला गाता येत नसताना सभासद ठेवलं, तारामतीच्या आजारात तुम्ही सगळे आमच्या दारी आलात, वहिनींनी माझ्या घरी डबे पाठवले, त्या सर्वांचे मनापासून आभार. आनंदाच्या प्रसंगाला मी नको ते बोललो असेन, कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

वर्षाराणीताई, ट्रॅक लावा. साहेब, तुमच्या ओळी तुम्ही म्हणा. तिच्या ओळी आल्या की कुणीही म्हणायच्या नाहीत, टाळ्या वाजवायच्या नाहीत, नुसतं वाद्य वाजू द्या. आणि ताई, पट्टी पहिलीच ठेवा, वरची, साहेबांची. खाली घेऊ नका. तारामतीला आता दम लागायचा नाही.