आवकायची बरणी

…नक्को, नक्को, ते पावतीबुक आधी आत ठेवा, केशवराव. चहा घ्या. कमिटीत तुम्ही म्हणालात ना, भामाबाईंकडे मी जातो, मी पटवतो—मग पटवा. चर्चला पैसे का द्यायचे, सांगा कारणं. थांबा, मीच सांगते, तुमचा घसा तरी वाचेल, चिक्कडपल्लीतली बरीच घरं राहिलीत तुमची. कारण पहिलं—मिशनचे साहेब विलायतेला गेले. देश स्वतंत्र झाला, निजामाचं राज्य गेलं, आता आपला पाळक आपणच पोसायचा. हौ, बरोबर आहे. साहेब होते तेव्हा लोक म्हणायचे, साहेब आहेत, आपण कशाला द्यायचे? आता म्हणतात, साहेब नाहीत, आपल्याच्यानं कसं होणार? कारण दुसरं—दिलं की देव दुप्पट देतो. हे कोण सांगतं, तर हिम्मतराव! नामपल्लीला एवढं दुकान, अन् रविवारी दानाची थैली पुढं आली की डोळे मिटून प्रार्थना. इतकी भक्ती की थैली पुढच्या बाकावर गेल्याशिवाय डोळे उघडत नाहीत. कधी चुकून टाकलंच, तर निजामाचा हाली पैसा. सरकारी कलदार रुपये दुकानाच्या गल्ल्यात, अन् उद्या चालेल की नाही ते नाणं देवाला!

कारण तिसरं मला पाठ आहे—पाळक नामदेवरावांचा पगार थकलाय, महिनाअखेर ते जालन्याला निघाले, अन् ते गेले की मराठी उपासना बंद, आपण मागच्या बाकावर बसून तेलुगू ऐकायचं. ऐकू की! पस्तीस वर्षं बाजारात तेलुगूत भाव करते, आता देवाशी करीन. …पैसे नाहीत असं कोण म्हणालं? ह्यांचा रेल्वेचा फंड आहे. आहेत पैसे, द्यायचे नाहीत. …का? तुम्ही विचारता? तुम्ही?

मागच्या उपकारस्तुतीच्या सणाला लिलाव कोण पुकारत होतं? प्रत्येक घरानं काहीतरी आणायचं—भोपळा, अंडी, कोंबडी—उपासना झाली की लिलाव अन् पैसे चर्चला. बावीस वर्षं माझी तीच बरणी, निळ्या काठाची, आंब्याच्या आवकायनं भरलेली. अन् बावीस वर्षं आमचे हे मागच्या बाकावरून ओरडायचे—पाच रुपये! स्वतःच्याच बायकोचं लोणचं, पाच रुपयांना! लोक पोट धरून हसायचे. मग बरणी पुन्हा आमच्याच घरी, अन् वर्षभर… जाऊ दे, खोटं कशाला बोलू, मीठ जास्त पडतं माझ्या हातून. ह्यांनी कधी तळ गाठला नाही त्या बरणीचा. पण पाच रुपये कधी चुकवले नाहीत. हे एप्रिलात गेले, सण नोव्हेंबरात आला. तुम्ही बरणी वर धरलीत. एक बार. दोन बार. सगळे आपापल्या चपला बघत होते, हिम्मतरावांचे डोळे मिटलेले. तुम्ही बरणी टेबलाखाली सरकवलीत अन् कोंबडी उचललीत—हो, उचललीत, मी बघितलं—मी उठून घरी आले. राग मागून आला, केशवराव. आधी वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. हे गेले ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मुठीचा डबाही बंद. रोज भात टाकताना पाळकांच्या घरासाठी एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे, माझ्या आईपासूनची रीत—बंद. म्हणजे… पाठवणं बंद. मूठ निघते. हाताला सवय, हाताला कोण सांगणार? तो कोपऱ्यातला दुसरा डबा भरत आलाय. किडे होऊ नयेत म्हणून ऊन दाखवते दर पंधरवड्याला. पण देत नाही म्हणजे नाही!

अन् ती पिशवी मांडीवरून खाली ठेवा की. मघापासून धरून बसलाय, कोणी पळवत नाही. …माझ्यासाठी? काय आहे? …अगंबाई. ही माझीच बरणी. तुमच्याकडे कशी? …पाळकसाहेबांनी घेतली? मी गेल्यावर? पण पाळकानं लिलावात बोली लावायची नसते, कधीच नसते— …लावली? पाच? पगार नव्हता तर पाच रुपये आणले कुठून? …उसने घेतले? अन् महिन्याला आठ आठ आणे फेडले.

मग वर्षभर बरणी परत का नाही केली? गावभर मला हट्टी म्हणू दिलंत… काय म्हणाल्या पाळकांच्या वासंतीबाई? रिकामं भांडं परत कसं द्यायचं? घालायला घरात काही आलं की देऊ, असं? …अन् आता निघायची वेळ आली म्हणून अशीच, घासून, पुसून… थांबा. रिकामी? संपलं सगळं? ते खारट लोणचं? कशाशी खाल्लं त्यांनी एवढं?

…नुसत्या भाताशी.

…

उठा. दोन्ही डबे उचला, बाहेर रिक्षा मिळेल. पावतीबुक काढा—साठ रुपये लिहा, कलदार. नाव ह्यांचं घाला, माझं नक्को. बरणी राहू दे इथंच. रिकामी परत घेत नसते मी, ही भरायला ठेवून घेतलीय. आंबे आले की भरून देईन, पण इथंच देईन, जालन्याला पाठवणार नाही, असं सांगा पाळकांना. अन् मीठ टाकायला वासंतीबाईंना यायला सांगा… बघत काय बसलात? चहा राहू दे तो, गार झालाय. जा म्हणते ना!