सोहारच्या शिरीषसाठी एक गाणं

रेडिओवर फर्माईश करायची म्हणजे एक पंचाईत असते. गाणं आपलं ठरलेलं असतं, पण ते विचारतात, कुणासाठी?

मी तेव्हा ओमानमध्ये सोहारला स्टील प्लांटमध्ये होतो, एकटाच. शुक्रवारी सुट्टी, आणि दिवसभर बोलायला कुणी नसायचं. दुपारी मस्कतच्या इंग्रजी रेडिओवर जुनी गाणी लागायची. मला वेड पॉवर पॉपचं. सत्तरच्या दशकाअखेरची ही अमेरिकन गाणी, गिटार खणखणीत, चाल उड्या मारायला लावणारी आणि शब्द मात्र पोरीनं फोन न उचलल्याचे. एका शुक्रवारी धीर करून मी रेडिओवाल्यांना फोन लावला. गाण्याचं नाव ऐकून निवेदिका खूश झाली.

"हे कुणी मागतच नाही. कुणासाठी लावू?"

मला एकही नाव सुचेना. शेवटी म्हटलं, "सोहारच्या शिरीषसाठी."

"आणि पाठवतंय कोण?"

"ते नका सांगू."

गाणं लागलं. स्वतःचं नाव रेडिओवर ऐकून मला उगाच बरं वाटलं.

रविवारी कॅन्टीनमध्ये आमचा केरळी फोरमन थॉमस ताट घेऊन शेजारी बसला.

"शिरीष, रेडिओ सुना मैंने. कौन है वो?"

थाप मारता आली असती. पण इतक्या आपुलकीनं बऱ्याच दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून खरंच सांगून टाकलं.

"मैं ही हूँ, थॉमस."

मला वाटलं हसेल. तो मान खाली घालून भात कालवत राहिला. मग हळूच म्हणाला, "अगले फ्रायडे मेरा नाम भी बोल देना."