धवलारणीची कवळी

हॅलो?… हॅलो, कोन?… भागीरथी? अगो बोल, बोल. मीच बोलतेय, तुझी आयस… हो, बसवलेत दात, म्हनून आवाज असा येतोय. तोंडात बशी कोंबल्यासारखं वाटतंय.

हो, काढले ना. वरचे, पुढचे उरलेले सगळे. आज सकाळीच. सुई टोचली, कडाकडा उपटले आनि त्याच खुर्चीत नवीन कवळी बसवली… अगो, तेच तर! तू पन विचार कर ना. माझे दात अजून तोंडात, आनि ह्या डॉक्टरची कवळी तयार? दात पडायच्या आधी दुसरे कसे तयार होतात?… माप? हो, घेतलं होतं मागं एकदा. गुलाबी लगदा कोंबला, ओकारी आली मला. पन ते माप जुन्या दातांचं ना!

नाय, नाय, ऐक तर. हे दुसऱ्या कुनाचे तरी हायेत… कुनाचे म्हंजे? मेलेल्या बाईचे. हसू नको! तुला काय जातंय हसायला?… अगो, पांढरेफेक हायेत. माझा जन्म मिश्री लावन्यात गेला, आनि ह्या दातांना तंबाखू कधी शिवलेली नाय. वाशीच्या कुठल्यातरी शेठानीचे असतील.

डॉक्टर शिकलेला हाय, हो. मग मला का बोलला, उद्या मी बोलावीन तोवर काढायची नाय? आं? काढली तर काय दिसनार हाय मला?… तुझा बापूस? तो तर डॉक्टरच्याच बाजूचा. खुर्चीपाशी उभा राहून त्याच्या कानात कायतरी कुजबुजत होता. विचारलं तर बोलतो, काय नाय. उभा जन्म संसार केला ह्याच्याबरोबर, मला कळत नाय काय?

भागे, मला स्वतःचं काय नाय गो. उद्या सुचिताची हळद. सानपाडा गावातल्या किती पोरींच्या लग्नात धवलारीन म्हनून धवला गायला मी. आनि माझ्या नातीच्या मांडवात देवांना बोलवायचं, ते मेलेल्या बाईच्या दातांनी? येतील का देव?… नाय गो, बिनदातांनी कसं गानार? नुसती हवा जाते, देवाचं नाव निघत नाय. म्हनून तर हा उपद्व्याप केला.

हां?… कोनता दात बघू?… माझा पुढचा वाकडा? शेजारच्यावर चढलेला तो? तो असला तर कवळी माझ्याच मापाची?… अगो, ओठ सुजलाय, आरशात काय दिसत नाय. थांब, काढूनच बघते… हो हो, बोलला होता, पन काढल्याबिगर कळनार कसं? फोन धरून ठेव.

…आई आई गो!… निघाली. थांब, रगत पुसते पदराला…

भागे! अगो भागे, हाय गो! तसाच हाय! वाकडा, शेजारच्यावर चढलेला. माझाच. फक्त पांढरा केलाय मेल्यानं!

…काय वो? काय बोलताय?… तुमी सांगितलंत? कानात?… भागे, तुझा बापूस काय बोलतो ऐक. डॉक्टर तो दात सरळ करनार होता. ह्यानं सांगितलं, नको, वाकडाच ठेव, तो बघून मी हिला पसंत केली होती. लाज नाय ह्या वयात!… नाय गो, मी कुठं रडतेय? दुखतंय म्हनून.

बरं, घालते परत… थांब… जात नाय गो. अवो, जरा दाबा ना… अगाई गं! नको, नको!… भागे, हिरडी सुजली, बसतच नाय आता. म्हनून बोलला होता तो, काढायची नाय…

काय?… काय बोललीस? माझं बोलनं कळत नाय?… कवळी! कवळी बसत नाय बोलले!… अजून नाय कळलं? अगो, हे साधं बोलनं तुला कळत नाय, मग उद्या देवांना काय कळनार?

ठेव. आधी फोन ठेव, डॉक्टरला लावायचाय… अवो, नंबर कुठं हाय त्याचा?… भागे, अजून काय धरून बसलीस? ठेव ना गो!